ऐंशी रंगांचा डबा, कामाचा एक नाही

सांगलीत चित्रं रंगवायचा अल्कोहोल मार्कर मागून बघाच. आधी व्हाइटबोर्डचा पेन समोर येतो. ‘नाही हो, ब्लेंड होणारा, रंगात रंग मिसळणारा,’ म्हटलं की आतून धूळ झटकत ८० रंगांचा डबा! ‘हाच न्या ताई, सगळे हाच नेतात.’ नेतात, आणि महिन्यात रडतात! टोपणावर पीच, कागदावर भाजलेली वीट. हिरवे ढीगभर, पण अंगाच्या रंगाची एक धड छटा नाही. चार-दोन चित्रांत टोक पिंजारतं. शाई संपली की? फेका!

कॉपिक, म्हणजे जपानी कंपनीचे अल्कोहोल मार्कर, म्हटलं की घरचे सुरू: ‘एका पेनाला एवढे?’ अहो, त्यात शाई परत भरता येते, टोक बदलता येतं, ३५८ रंगांतले हवे तेवढेच घेता येतात. मोजके घ्या, वर्षानुवर्षं वापरा. महाग कोण मग? दरवर्षी नवा डबा आणणारेच ना? पण सुटा मार्कर इथे ठेवतो कोण!

वर पातळ ड्रॉइंग वहीत शाई मागच्या पानावर उतरली, तर म्हणे मार्करच खराब. ‘गुळगुळीत मार्कर पेपर आहे?’ विचारलं, तर दुकानातले काका थेट कार्डशीट कापायला बसले. अहो थांबा, कापू नका!