मामा, ते अस्वल बोरं खाऊन जगत नाही

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर मामाचा फॉरवर्ड पडला. 'ध्रुवीय अस्वलं संपत चालली ही थाप! 1960 च्या दशकात 5,000 होती, आज 26,000. बर्फ गेला तर जमिनीवर फळं खातील. ग्लासातला बर्फ विरघळून पाणी वाढतं का? मग समुद्र कसा वाढेल? सगळा पाश्चात्त्यांचा डाव.' दुपारी सातवीतली पुतणी विचारायला आली, प्रकल्पाच्या वहीतलं अस्वल काढून टाकू का? तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

आधी ती फळं. म्हणजे आता अस्वलाने संकष्टी धरायची! या प्राण्याचं सगळं गणित सीलच्या चरबीवर चालतं. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो, अस्वल तिथे तासन्‌तास दबा धरून बसतं. उघड्या पाण्यात सील त्याच्या हाती लागणं जवळपास अशक्य, मग ते कितीही पट्टीचं पोहणारं असो. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी 20 अस्वलांच्या गळ्यात कॅमेऱ्याचे पट्टे बांधले आणि बर्फ नसलेल्या दिवसांत, साधारण तीन आठवडे, ती काय करतात ते पाहिलं. 2024 मध्ये ते प्रसिद्ध झालं. काही नुसती पडून राहिली. काहींनी बोरांसारखी फळं खाल्ली, गवत चघळलं, पक्ष्यांची पिसं-हाडं चावली, काही लांबवर पोहून आली. 20 पैकी 19 अस्वलांचं वजन घटलं, सरासरी दिवसाला 1 किलोच्या आसपास. फळं शोधत हिंडण्यातच मिळालेली ताकद खर्च होत होती. आणि तिथे बर्फाविना जाणारे दिवस 1980 च्या दशकापेक्षा जवळपास तीन आठवड्यांनी वाढलेत. आई रोडावली की पिल्लांना दूध कुठून मिळणार?

आता आकडे. 5,000 हा त्या काळचा निव्वळ अंदाज, सगळा आर्क्टिक कुणी मोजलाच नव्हता. 26,000 हाही अंदाजच आहे, पण बराच भक्कम. काही भागांत अस्वलं वाढली हे खरं, तेवढं मामाला देऊन टाकतो. पण वाढली ती बंदुका आवरल्या म्हणून. 1973 मध्ये पाच देशांनी करार करून शिकारीला लगाम घातला. बर्फाने त्यात काही उपकार केलेले नाहीत. त्याच पश्चिम हडसनमध्ये 2016 ला 842 अस्वलं होती, 2021 च्या गणनेत 618 भरली. फॉरवर्डवाल्याला हा आकडा बरा दिसला नाही.

ग्लासाचं अर्धं बरोबर आहे. तरंगता बर्फ विरघळला तर पातळी जवळजवळ हलत नाही. म्हणून पुतणीला ओट्यावर दोन ग्लास काठोकाठ भरायला लावले. एकात आधीपासूनच बर्फ तरंगत होता, दुसऱ्यावर चहाची गाळणी आणि गाळणीत बर्फ. अर्ध्या तासाने दुसऱ्या ग्लासाखालचा ओटा ओला झाला. ती गाळणी म्हणजे ग्रीनलँड, तिथला बर्फ जमिनीवर आहे. तो सगळा गेला तर समुद्र सुमारे 7 मीटर चढेल. लगेच नाही, पण विरघळणं सुरू झालंय. आणि तरंगता बर्फही बिनकामाचा नाही. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळं पाणी ते पिऊन घेतं. 1979 नंतर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलाय, त्यामागचं हे एक मोठं कारण.

राहिला 'पाश्चात्त्यांचा डाव'. आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंडला 2008 पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे. शेजारच्या काँग्सफ्योर्ड खाडीच्या पाण्यात 2014 मध्ये आपल्याच लोकांनी उपकरणं सोडली, ती पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजण्यासाठी. हे काम पाहणारी राष्ट्रीय संस्था वास्कोला आहे. मामा, तू मडगावात राहतोस. पुढचा फॉरवर्ड ढकलण्याआधी वास्कोची बस पकड आणि तिथल्या कुणालातरी विचारून ये.