घागर आमची बी भरंल ना?

चार दिवसांसाठी माहेरी आले आहे. आज दुपारी माळावरच्या वस्तीत टँकर आला तेव्हा मी तिथेच होते. बायका सकाळपासून ड्रम, हंडे आणि कॅन रांगेत लावून बसल्या होत्या. पाइप आधी कोणाच्या ड्रममध्ये पडणार यावरून नेहमीची वादावादी झाली आणि वीस मिनिटांत टँकर रिकामा होऊन निघूनही गेला. मागे चिखल तेवढा राहिला. पारनेर तालुक्यात एप्रिल सरताना या दृश्याचे कोणाला नवल वाटत नाही, मलाही वाटले नाही. संताप आला तो त्यानंतर. मोटारसायकलला टेकून उभ्या असलेल्या एका तरुणाने, सगळे ठाऊक असल्याच्या थाटात, मला ऐकवले, "ताई, ते पाणलोट-बिणलोट सगळं फुकट गेलं बघा. काय उपयोग झाला त्याचा?" तो जिथे उभा राहून हे बोलत होता, तिथून दीडशे पावलांवर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेले एक शेततळे काठोकाठ भरलेले दिसत होते.

फुकट गेले म्हणे! त्या तरुणाचा तेव्हा जन्मही झाला नसेल, पण मी सातवीत होते आणि मला सगळे आठवते. जर्मनीच्या मदतीने आणि फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने नगर जिल्ह्यात जो पाणलोट कार्यक्रम, म्हणजे माळावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी आणि माती जागीच अडवण्याचे काम, उभा राहिला, त्यात आमचे गाव १९९६ साली आले. पैसा मिळणार होता, पण आधी गावाने श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या तिन्ही गोष्टी ग्रामसभेत कबूल करायच्या होत्या. श्रमदानाला कोणाची फारशी हरकत नव्हती, दुष्काळी कामांवर खडी फोडलेल्या लोकांना कुदळीचे भय नव्हते. गाडी अडली ती चराईबंदीवर.

माळाच्या पायथ्याशी एक आजी राहत असे. आम्ही मुले तिला माळावरची आजी म्हणत असू. तिला जमीन नव्हती. तिच्याकडे अकरा शेळ्या होत्या, आणि त्यांना चरायला तो माळ सोडून दुसरी जागा नव्हती. माळ बंद झाला की तिचे घर बंद होणार, हे ग्रामसभेत बसलेल्या प्रत्येकाला कळत होते, पण बोलत कोणीच नव्हते. शेवटी तीच उभी राहिली आणि म्हणाली, "शेळ्या इकते मी. पर पानी आलं तर घागर आमची बी भरंल ना?" तेव्हा माझ्या वडिलांनी सगळ्यांदेखत उत्तर दिले, "मावशी, आधी तुमची भरंल, मग आमची."

पुढच्या आठवडे बाजारात तिने अकराही शेळ्या विकल्या. त्यांतली एक पांढरी संगमनेरी शेळी मला फार आवडत असे, म्हणून मी रडले होते. आजी रडली नाही.

मग काम झाले, आणि नीट झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत, त्याच क्रमाने झाले. बांबूच्या चौकटीला ओळंबा लावून समपातळीच्या रेषा काढायच्या आणि मागून आम्ही मुलांनी फक्कीने त्या आखत जायचे. त्या रेषांवर चर खणले गेले, ओघळींत दगडी बांध रचले गेले, खाली नालाबांध आणि पाझर तलाव झाला. आपल्याकडचा खडक काळा पाषाण. त्याच्या पोटात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि भेगांत, तेही थोडेच. म्हणून धावणाऱ्या पाण्याला माथ्यावरच रांगायला लावावे लागते, नाहीतर ते माती घेऊन ओढ्याला लागते. एका हेक्टरवर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजेच आज वस्तीत येऊन गेला तसा एक टँकर. आमचा माळ शेकडो हेक्टरांचा आहे. हल्ली नुसता नाला यंत्राने खोल करून त्यापुढे नारळ फोडतात आणि माथ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, त्याविषयी आज लिहीत नाही, नाहीतर मूळ मुद्दा राहील.

तिसऱ्या वर्षी आमच्या विहिरीचे पाणी होळीपर्यंत टिकले. पाचव्या वर्षी ते अक्षय्य तृतीयेलाही होते. वडिलांनी कांदा केला, मग डाळिंब लावले आणि त्या पैशांवर मी पुण्याला वसतिगृहात राहून शिकले. म्हणून म्हणते, पाणलोट फुकट गेला असे माझ्यासमोर म्हणू नका. पाणी आले होते. माझ्या पदव्या त्याच पाण्यावर पिकल्या आहेत.

त्या आजीच्या घरी मात्र विहीर नव्हती, कारण विहीर खणायला जमीनच नव्हती. चराईबंदी संपली तोवर तिचे वय झाले होते आणि पुन्हा शेळ्या घेण्याइतका पैसा तिच्याजवळ नव्हता. माळावर गुडघाभर गवत वाढले आणि ते कापून नेण्याचा फायदा ज्यांच्या गोठ्यात गाई होत्या त्यांना झाला. वस्तीच्या हातपंपाला काही वर्षे बारमाही पाणी होते, हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. नंतर खाली बोअर सुरू झाले. आधी दोनशे फूट, मग चारशे, मग सहाशे. चाळीस फुटांच्या विहिरीत सगळ्यांसाठी मुरलेले पाणी ज्याची मोटार मोठी त्याच्या मालकीचे झाले, आणि ते उपसून प्लास्टिकच्या कागदावर उन्हात ठेवण्याची पद्धत आली. शेततळे पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्यासाठी असते अशी माझी भाबडी समजूत होती. जमिनीच्या पोटात झाकून ठेवलेले पाणी वर काढून वैशाखाच्या उन्हाला दाखवणे, याला साठवण कशी म्हणायची?

हिशेब अगदी सोपा आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात, बाजू तळाकडे उतरत्या असल्याने, साधारण वीस लाख लिटर पाणी मावते. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या दोनशे खेपा. वस्तीत टँकर दिवसाआड येतो. आता तुम्हीच मोजा.

यावर मला कायदा सांगू नका. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही, हा नियम १९९३ पासून आहे. आमच्या गावात हातपंपापासून बोअरपर्यंतचे अंतर मोजायला टेपसुद्धा लागत नाही, हाक मारली की ऐकू येते. नियम गावानेच करावा आणि गावानेच पाळावा लागतो. आमच्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने तो केला. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले त्यानंतर तिथेही हेच चर आणि हेच बांध झाले, पण पुढे शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही आणि पावसाळा संपला की गावाने पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवायची, हेही झाले. त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला होता आणि भूमिहीनालाही त्यात हक्क दिला होता. आमच्या ग्रामसभेत वडिलांनी जे तोंडी कबूल केले, ते तिथे नियम म्हणून मांडले गेले होते. आमच्याकडे ते कोणी कागदावर लिहून घेतले नाही. शेळ्या विकल्याची पावती तरी कोण मागतो?

आता जे लिहायला मला जड जाते आहे ते लिहिते. वस्तीजवळचे ते काठोकाठ भरलेले शेततळे माझ्या सख्ख्या भावाचे आहे.

दुपारी घरी येऊन मी त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "तुला काय, महिन्याच्या महिन्याला पगार येतो. डाळिंबाची बाग वाळली तर बँकेचे हप्ते तू भरशील का? आणि मी बोअर बंद केला तर शेजारचा करणार आहे का?" त्याचे म्हणणे खोटे नाही. मागच्या दोन वर्षांत पाऊस लहरी झाला आहे, बाग एकदा गेली की चार वर्षे मागे जाते आणि पुण्यात नळ सोडून भांडी घासणाऱ्या बहिणीने त्याला शहाणपण शिकवू नये, हेही खरे. एकट्याने थांबून काही होत नाही, म्हणूनच तर १९९६ साली सगळे गाव एका जागी बसले होते. पण त्या बैठकीत सगळ्यात आधी, एकटीनेच, उभी राहिली ती माळावरची आजी. "शेजारची शेळ्या विकणार आहे का?" असे तिने विचारले नव्हते.

हे मी त्याला बोलून दाखवले. तो गप्प झाला आणि मग जेवण होईपर्यंत काही बोलला नाही. वडील आज असते तर त्यांनी काय केले असते, हा प्रश्न आम्हा दोघांच्याही मनात होता आणि आम्ही दोघांनीही तो विचारला नाही.

संध्याकाळी पुन्हा वस्तीवर गेले. आजी जाऊन बरीच वर्षे झाली, तिच्या नातसुनेकडे बसले. तिने न विचारता चहा टाकला. मी नको, नको म्हणत राहिले तेव्हा ती हसून म्हणाली, "घ्या ओ ताई, आजच आलंय पानी." तो चहा कसा घशाखाली उतरला ते माझे मला माहीत.

१ मे रोजी ग्रामसभा आहे. मी या गावची मतदार नाही, दादा आहे. वस्तीच्या हातपंपाजवळचे बोअर उन्हाळ्याचे दोन महिने बंद ठेवावेत आणि भरलेल्या तळ्यांतून वस्तीला आधी पाणी द्यावे, एवढाच विषय त्याने मांडावा असे मी त्याला सांगितले आहे. त्याने हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. मी ओट्यावर बसून हे लिहीत होते तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला, वरचा हिशेब त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, "लिहितेच आहेस तर आकडा बरोबर लिही. आपलं तळं तीस मीटरचं नाही, चौतीसचं आहे. आणि खोलीही तीनपेक्षा जास्त आहे."