१ ऑगस्टचं बॅनर आणि एक संप जो कुठल्याच दिनविशेषात नसतो

१ ऑगस्ट आला की आमच्याकडे एकच बॅनर लागतं, डावीकडे पगडीतले लोकमान्य, उजवीकडे अण्णाभाऊ, मधे विनम्र अभिवादन आणि खाली शुभेच्छुकांची रांग. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती, फ्लेक्सचा खर्च मात्र एकदाच. आणि मग दिवसभर फेसबुकवर तेच, आज नक्की दिवस कोणाचा? एक गट फक्त टिळकांचा फोटो टाकणार, दुसरा फक्त अण्णाभाऊंचा, आणि कोणी कोणाचा टाकला यावरून कोण कुठल्या जातीचा हे लोक कमेंटमध्ये बरोब्बर ओळखणार. वैताग येतो राव.

गंमत म्हणजे नुसती तारीख नाही, वर्षसुद्धा एकच आहे हे भांडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गावी नसतं. १ ऑगस्ट १९२०. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळक गेले, आणि त्याच तारखेला वाटेगावात एका मातंग घरात तुकाराम भाऊराव साठे जन्मला. असहकार चळवळही त्याच दिवशी सुरू झाली, गांधीजींनी कैसर-ए-हिंद पदक परत करायचं पत्र व्हाइसरॉयला त्याच दिवशी लिहिलं आणि टिळकांच्या तिरडीला खांदाही दिला. एका दिवसात किती कोंबायचं!

यावरून 'एक सूर्य मावळला, दुसरा उगवला' टाइपचे मेसेज फिरतात. अण्णाभाऊंनी वाचले असते तर हसले असते. १९५८ मध्ये मुंबईच्या दलित साहित्य संमेलनात, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही तर कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे असं सांगणारा हा माणूस, त्याला तुम्ही कोणाचा पुनर्जन्म वगैरे करताय. १ ऑगस्टलाच भगवानदादा जन्मले, मीनाकुमारी जन्मली, १७७४ मध्ये प्रीस्टलीला ऑक्सिजन सापडला आणि १९४४ मध्ये वॉर्सात नाझींविरुद्ध उठाव झाला. आता जोडा काय जोडायचंय ते.

शाळांमध्ये तर अजूनच अवघड. एकाच परिपाठात दोघं उरकतात. पहिलं पोरगं पगडी घालून शेंगा आणि टरफलं, दुसरं पोरगं 'साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांचा जन्म' वगैरे पाठ केलेलं, टाळ्या, संपलं. त्यातल्या एकाने न्यू इंग्लिश स्कूल काढायला मदत केली आणि दुसरा शाळेत दीड दिवसाच्या वर टिकला नाही, हे दोन्ही एकाच शाळेच्या पटांगणात सांगतोय तर त्यावर दोन मिनिटं थांबावं असं एकाही सरांना वाटू नये? वेदोक्त प्रकरणात, म्हणजे शाहू महाराजांचे विधी वेदमंत्रांनी करायचे की नाही या वादात, टिळक महाराजांच्या विरुद्ध बाजूला उभे होते, ते तर परिपाठात कधीच येत नाही. मी टिळकांचा चाहता आहे तरी म्हणतो, यायला पाहिजे.

पण या दोघांना जोडणारी एक खरी गोष्ट आहे ना, आणि ती म्हणजे मुंबईची गिरणी. जुलै १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. सैन्य रस्त्यावर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. लेनिनने तिकडे बसून त्याची दखल घेतली. विरोधक टिळकांना तेल्यातांबोळ्यांचे पुढारी म्हणून हिणवायचे ना, ते तेलीतांबोळी असे रस्त्यावर उतरले. आणि हे कामगार बरेचसे कुठले, तर रत्नागिरी आणि साताऱ्याकडचे. वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात असलं तरी तेव्हा साताऱ्यातच होतं. अण्णाभाऊ लहानपणी वडलांबरोबर तिथून पायी मुंबईला आले, गिरणीत राबले, लाल बावट्यात म्हणजे कम्युनिस्ट चळवळीत गेले, अमर शेख आणि गवाणकरांबरोबर कलापथक काढलं. गावाकडच्या बायकोला मागे ठेवून मुंबईत झुरणाऱ्या माणसाची ती मैनेची छक्कड कुठून आली? त्याच चाळींतून. फकिरा लिहिली ती बाबासाहेबांना अर्पण केली, आणि लिहिणाऱ्याचं घर घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत. म्हणजे टिळकांसाठी ज्यांनी गोळ्या खाल्ल्या, त्यांच्याच पुढच्या पिढीचा शाहीर हा. टिळकांना हा पुढचा मुक्काम पटला असता का? मला तरी शंका आहे.

बरं, तो संप सुरू कधी झाला, तर २३ जुलैला. टिळकांचा वाढदिवस! त्या दिवशी त्यांना बावन्न वर्षं पूर्ण झाली. आता मला २३ जुलैचा एक दिनविशेष दाखवा ज्यात हा संप आहे. टिळक जयंती असते, चंद्रशेखर आझाद जयंती असते, संप नसतो. कारण संपाला लावायला फोटो नाही, जे मेले त्यांची नावं कोणाला पाठ नाहीत, त्यांच्या जातीचं मंडळ नाही, आणि जयंती-पुण्यतिथीच्या साच्यात सहा दिवसांची गोष्ट बसवायची कशी हा तर प्रश्नच.

तर १ ऑगस्टला दिवस कोणाचा यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी खुशाल भांडा, मी त्या कमेंटला उत्तर देणार नाही. घरात कोणाचे आजोबा-पणजोबा गिरणीत होते त्यांनी मात्र खाली लिहा, कुठली गिरणी, कुठलं खातं, गाव कुठलं.