जानव्याला बांधलेला इनबॉक्स

जोश्यांच्या ई-मेलच्या खात्याचं काय झालं ते एव्हाना पेरुगेटपासून भिकारदास मारुतीपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे, तेव्हा ते परत उगाळत नाही. मेलच्या कंपनीने खात्याला कुलूप लावलं, दाद मागायला माणूस नाही, आणि जोशी भेटेल त्याला "मुलीच्या लग्नाचं सगळं त्यात होतं हो" एवढंच सांगतायत. रविवारी सकाळी कट्ट्यावर हा विषय निघणार होताच. कट्टा म्हणजे आपला नेहमीचाच, बंद पडलेल्या वह्यांच्या दुकानाच्या तीन पायऱ्या. वरच्या पायरीवर नाना, कारण वय आणि गुडघा.

नाना आले तेच जिंकल्यासारखे. चहा यायच्या आत त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, आत हात घातला आणि जानव्याला बांधलेली कपाटाची किल्ली बाहेर ओढली. किल्लीशेजारी पेनड्राइव्ह. काळा, बत्तीस जीबीचा. एका बाजूला काकूंच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका, म्हणजे खुपसताना कुठली बाजू वर ते कळावं.

"२००७ पासूनचा सगळा पत्रव्यवहार," नाना म्हणाले. "लावा म्हणावं कुलूप."

सम्याने कपाळाला हात लावला. सम्या हिंजवडीला असतो. रविवारीसुद्धा गळ्यात कंपनीचा पट्टा असतो, कारण काढायचा राहून जातो म्हणे. "नाना, प्लीज. पेनड्राइव्ह इज डेड. आता सगळं क्लाउडवर असतं, कंपनीच्या सर्व्हरवर. फोन पडला, लॅपटॉप जळला, नो इश्यू."

"जोश्यांचंही क्लाउडवरच होतं," शिल्पा म्हणाली.

"ती एज केस आहे, लाखात एखादी."

"मग जाऊन सांग त्यांना. 'काका, काळजी करू नका, तुम्ही एज केस आहात.' लग्नात तुला पान मांडतात का बघू."

शिल्पाला या विषयातलं कळतं, हे सम्यालाही माहीत आहे आणि तेच त्याला झोंबतं. सीएची आर्टिकलशिप करताना ती ऑडिटला रोज वेगळ्या ऑफिसात जायची. तिथल्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही, आणि मेल तर बघायची आहे. तेव्हा तिच्याही पर्समध्ये नानांच्या पेनड्राइव्हवरचा हाच निळा पक्षी होता, म्हणजे थंडरबर्ड नावाचा मेलचा प्रोग्रॅम, पोर्टेबलवाला. प्रोग्रॅम आणि मेल दोन्ही एकाच फोल्डरात. आज पेनड्राइव्ह ई ड्राइव्ह म्हणून लागला, उद्या जी म्हणून लागला, तरी त्याला आपलं सामान सापडतं. दुसऱ्याच्या मशीनवर काही बसवावं लागत नाही, ॲडमिनचा पासवर्ड मागायला त्या खडूस माणसाकडे जावं लागत नाही.

नानांची कथा वेगळी, आणि आम्ही ती शंभरदा ऐकली आहे. रिटायर झाले तेव्हा घरी कॉम्प्युटर नव्हता. भावाकडे होता, पण इंटरनेट नव्हतं. मुलगा तेव्हा परदेशी. त्याने जाताना दोन जीबीचा पेनड्राइव्ह हातात ठेवला. नाना भावाकडे बसून निवांत पत्रं लिहायचे, 'नंतर पाठवा' करून ठेवायचे आणि टिळक रोडवरच्या सायबर कॅफेत जाऊन पेनड्राइव्ह लावायचे. जाणारी पत्रं गेली, येणारी उतरली, पंधरा मिनिटांत बाहेर. वाचायचं परत भावाकडे. बाकीचे लोक तासातासाचे पैसे भरून एका बोटाने टाइप करत बसलेले असायचे. असला हिशेब सदाशिव पेठेतच होऊ शकतो.

"माझी मेल माझ्या छातीशी," नाना म्हणाले. "कोणत्याही कॉम्प्युटरला लावा, काढून घ्या, त्याला पत्ताही लागत नाही."

इथे मला वाटलं शिल्पा मान डोलावेल. ती चहाचा ग्लास खाली ठेवून नानांकडेच वळली.

"पत्ता लागत नाही कसा? अटॅचमेंट उघडलीत की ती वर्डमध्ये जाते. 'नुकत्याच उघडलेल्या फाइली' म्हणून नावासकट यादीत बसते. आणि त्या मशीनवर कोणी कीबोर्डवरची प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्रॅम टाकून ठेवला असेल, तर तुम्ही टाइप केलेलं अक्षर न् अक्षर त्याच्याकडे. आपली वळकटी घेऊन गेलात तरी संडास यजमानांचाच वापरता ना नाना?"

नंदू फिस्सकन हसला. नंदूचं तपकीर गल्लीत रिपेअरिंगचं दुकान आहे. बोलतो कमी, पण नानांच्या पेनड्राइव्हची नाडी त्याच्याच हातात असते.

"मास्टर पासवर्ड तरी ठेवलाय?" शिल्पाने विचारलं. (हल्ली त्याला प्रायमरी पासवर्ड म्हणतात, पण कट्ट्यावर जुनं नावच चालतं.)

"कशाला? लक्षात राहत नाही."

"म्हणजे हा ज्याच्या हातात, त्याने सेटिंगमध्ये जाऊन 'पासवर्ड दाखवा' दाबलं, की तुमचा पासवर्ड ढळढळीत समोर."

"जानव्याला हात लावायची हिंमत आहे कोणाची? मुंजीपासून उतरवलेलं नाही."

"आणि श्रावणीला नवं घालता तेव्हा हा कुठे असतो?"

नाना जरा थांबले. "ताम्हनात," ते म्हणाले. "कोरड्या ताम्हनात."

इथे पाचेक मिनिटं गेली. समोरचा अमृततुल्यवाला काय झालं म्हणून बघायला आला आणि रिकामे ग्लास घेऊन गेला.

सम्याला वाटलं आपली बाजू वर आली. "तेच सांगतोय ना मी. आयमॅप वापरा. सर्व्हरवर ओरिजिनल, पेनड्राइव्हवर नुसती कॉपी. हरवला तरी टेन्शन नाही." हे बरोबर होतं हे कबूल करायला हवं. पण तेवढ्यावर थांबला तर तो सम्या कसला. "आणि ते सेफली रिमूव्ह वगैरे तर आउटडेटेड झालंय. विंडोज टेनमध्ये २०१८ च्या अपडेटपासून डिफॉल्टच क्विक रिमूव्हल आहे. ओढा आणि निघा."

"फोटो कॉपी करून झाले असतील तर ओढ," शिल्पा म्हणाली. "मेलचा प्रोग्रॅम चालू असताना त्याच्या दहा फाइली उघड्या असतात. तो लिहितोय आणि तू ओढतोयस. जेवणाऱ्याच्या पुढचं ताट उचलण्यासारखं आहे."

"त्याला सवयच आहे," नाना म्हणाले, आणि आम्हाला कळलं, आता अहवाल येणार.

अहवाल म्हणजे २०११ चा. मंडळाच्या कार्य अहवालाच्या जाहिराती सगळ्या नानांच्या मेलवर आल्या होत्या. सम्या तेव्हा कॉलेजात, उत्साही. नानांचा पेनड्राइव्ह घेऊन तो अप्पा बळवंत चौकाजवळ एका डीटीपीवाल्याकडे गेला. परत आणला तेव्हा सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना तो रोग सांगायला नको. नानांना वाटलं चार वर्षांची पत्रं गेली. रात्री नऊ वाजता नंदूकडे गेले, दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"गेलं काहीच नव्हतं," नंदू म्हणाला. "नुसतं लपवलं होतं. काळ्या खिडकीत ॲट्रिब कमांडची एक ओळ मारली, सगळं बाहेर. पण नानांनी गणपती बसून उठेपर्यंत याच्याशी अबोला धरला."

"तो व्हायरस आधीपासूनच पेनड्राइव्हमध्ये होता!" सम्या म्हणाला. इतकी वर्षं झाली, वाक्य तेच आहे.

"असेलही," शिल्पा म्हणाली. "त्याच वर्षी फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेनड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप पळणारं ते ऑटोरन बंद करायचं अपडेट दिलं होतं. पण शॉर्टकटला ऑटोरन लागत नाही. त्याला डबल क्लिक करणारा लागतो. तो तू होतास."

खरं सांगायचं तर मला यात नानांचं पटतं, म्हणून मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, माझी जुनी पत्रं एका बंद पडलेल्या प्रोग्रॅमच्या पोटात अडकली आहेत, फाइल आहे पण उघडत नाही. नानांचं तसं नाही. गेल्या वर्षी नंदूच्या दुकानात मी डोळ्यांनी बघितलंय. नानांचा इनबॉक्स मेल घेईनासा झाला होता. नंदूने फोल्डर उघडलं. आत 'इनबॉक्स' नावाची फाइल, पुढे टिंब नाही, शेपूट नाही, आणि आकार चार जीबीला टेकलेला.

"फॅट थर्टीटू," नंदू म्हणाला. "त्या फॉरमॅटमध्ये एका फाइलला चार जीबीची वेस. पुढे जागा मोकळी असली तरी जाता येत नाही. आणि नाना रोज डिलीट करत होते हो! पण डिलीट केलं की तो नुसती खूण करतो, फाइलीतून काढत नाही. कॉम्पॅक्ट म्हणून एक असतं, ते मारल्याशिवाय कचरा आतच. मारलं, तर दीड जीबीवर आली."

"बायकोच्या माळ्यासारखं," नाना म्हणाले.

पण मला आठवतं ते पुढचं. नंदूने त्या फाइलीची जुनी, छोटी नक्कल साध्या नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. वर 'फ्रॉम' म्हणून ओळ, मग तारखा आणि पत्ते यांचं जंजाळ, आणि त्याखाली मुलाचं पहिलं पत्र. इंग्रजी अक्षरांत मराठी. बाबा, इकडे पोळ्या रबरासारख्या मिळतात. नाना चष्मा वर करून दोन मिनिटं ते वाचत उभे होते. ना लॉगिन, ना परवानगी. पत्रामागे पत्र, एका लांबलचक कागदावर लिहिल्यासारखी. उद्या तो निळा पक्षी उडून गेला तरी ही फाइल कशातही उघडेल. सम्याच्या क्लाउडला माझा विरोध नाही, पण असं काही तो मला दाखवू शकलेला नाही.

"तू बोलू नकोस," शिल्पा मला म्हणाली. "तुझ्या मेलमध्ये एकोणतीस हजार न वाचलेल्या आहेत. तुझ्या खात्याला कोणी कुलूप लावलं तर तुला दिवाळीपर्यंत कळणार नाही."

मी गप्प बसलो.

"मेल आपल्याकडे असावी हे मलाही मान्य," ती म्हणाली. "पण आपल्याकडे म्हणजे किती ठिकाणी? नंदू, तुझ्याकडे महिन्याला किती पेनड्राइव्ह येतात रडत?"

"मोजत नाही. हार्डडिस्क मरताना निदान खरखर करते, माणूस सावध होतो. पेनड्राइव्ह बोलत नाही. काल होता, आज फॉरमॅट करू का विचारतो. आणि हा मेलवाला तर सारखं बारीक बारीक लिहीत बसतो, प्रत्येक मेलला, प्रत्येक शोधाला. पेनड्राइव्हला ते झेपत नाही. कपाटात ठेवून दिला तरी आतला विद्युतभार वर्षानुवर्षं झिरपतच असतो."

"झालं?" शिल्पा नानांना म्हणाली. "छातीशी आहे ते ठीक. दुसरी कॉपी कुठे?"

नानांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघायला मजा आली. ते याच प्रश्नाची वाट बघत होते.

"मला काय मूर्ख समजलीस? दर पाडव्याला पूर्ण फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवतो. पांढरा. देवघराच्या खणात, कापराच्या डबीशेजारी." आणि पुरावा म्हणून त्यांनी फोनच लावला, स्पीकरवर. "अगं, देवघराच्या खणातला तो पांढरा पेनड्राइव्ह आहे ना जागेवर?"

"तो होय?" काकूंचा आवाज खणखणीत. "तो गाडीत आहे. भिशीच्या बायका देहूला जाणार होतो ना, त्यावर भीमसेनांचे अभंग भरून घेतले."

"आणि आतलं?"

"आत कुठं काय होतं? एक गाणं नाही, एक फोटो नाही. कसल्या त्या बिनशेपटाच्या फाइली. उघडतच नव्हत्या. म्हणून पुसायला सांगितल्या."

"कोणाला सांगितल्या?"

"समीरला. किती गुणी पोरगा आहे, लगेच करून दिलं."

सगळ्यांनी खालच्या पायरीकडे बघितलं. सम्या गळ्यातला पट्टा बोटाला गुंडाळत होता.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला. "काकू, यात काही कामाचं आहे का, असं दोनदा विचारलं होतं."

"किती अभंग भरलेस?" नंदूने व्यवसायाच्या गांभीर्याने विचारलं. पुसलेलं परत काढता येतं, पण त्यावर दुसरं लिहिलं नसेल तर.

"फुल केला. जागा कशाला वाया घालवायची म्हणून."

"मग विठ्ठल विठ्ठल," नंदू म्हणाला.

शिल्पाने हसू आवरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. डोळे पुसत तिने नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका नाना. तुम्ही एज केस आहात."

नानांनी पेनड्राइव्ह किल्लीसकट आत सरकवला आणि बटण लावलं. फोनमध्ये काकू अजून बोलतच होत्या, येताना कोथिंबीर आणायची होती.

"या वेळी अबोला किती दिवसांचा?" सम्याने हळूच विचारलं.

"आधी चहाचे पैसे दे," नाना म्हणाले. "मग बघू."