फीत कापण्याआधी पन्हळी बघा

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २५४ काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखे विभाग आहेत, आणि बहुतेक ठिकाणी गावचौकाच्या मधोमध कोर्टाची जुनी इमारत उभी असते. १९९९ साली राज्याने या इमारतींसाठी जतन योजना सुरू केली. जीर्णोद्धार पुरा झाला की पुनर्लोकार्पण होतं. योजनेतलं पहिलं २००१ मध्ये अल्बनी गावी झालं, शॅकलफर्ड काउंटीच्या १८८४च्या दगडी कोर्टाचं.

या सोहळ्यात बँड वाजतो, झेंडा चढतो, फीत कापली जाते. नेमकं काय काढून टाकलं, हे मात्र लोकांना कुणी नीट सांगत नाही, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९५०-६०च्या सुमारास एसी आले. त्यांचे डक्ट लपवायला कोर्टरूमचं छत खाली आणलं, उंच खिडक्या मध्येच कापल्या गेल्या, गॅलरी बंद झाली. ह्यूस्टनला हॅरिस काउंटीच्या १९१०च्या कोर्टात तर घुमटाखालची मोकळी जागाच मजले टाकून भरली होती. ते मजले काढले, तेव्हा कुठे २०११ मध्ये इमारत पुन्हा पहिल्यासारखी खुली झाली. अशा जागी, त्याच कोनातून काढलेला जुना फोटो उभा करावा. भाषणापेक्षा तो जास्त सांगतो.

दुसरी गोष्ट दर्जांची, म्हणजे दगडांच्या सांध्यात भरलेल्या मसाल्याची. मऊ दगडाच्या सांध्यात सिमेंट भरलं की भिंतीतलं पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही, दगडातून वाट काढतं, आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आपल्याकडे जुन्या वाड्यांवर सिमेंट लिंपलं की हेच होतं. दर्जा चुन्याचाच हवा, दगडापेक्षा मऊ. पुढे झिजला तर दर्जा झिजावा, दगड नव्हे.

कोनशिलेचा विधी बहुधा फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाची मंडळी करतात: गुण्या, लेव्हल, ओळंबा लावून दगड तपासायचा, मग त्यावर धान्य, वाइन आणि तेल वाहायचं. कोनशिलेवर ५८९७ असं साल दिसलं तर दचकू नका, फ्रीमेसनांचं साल ४००० वर्षं पुढे असतं, त्यातून ४००० वजा करा. कोनशिलेच्या दगडाआड पुढच्या पिढ्यांसाठी कागदपत्रांची पेटी ठेवतात, तिच्यात रबरबँड, चिकटपट्टी, प्लास्टिकची पाकिटं अजिबात ठेवू नयेत. रबर चिकट होऊन कागदाला धरतं, पीव्हीसी प्लास्टिकमधून आम्ल सुटतं. आम्लरहित कागद आणि घट्ट बंद होणारी स्टेनलेस स्टीलची पेटी घ्यावी.

एवढं करून खरा धोका छतावरच राहतो. पन्हळ पानांनी तुंबली की पाणी भिंतीत उतरतं आणि नवं प्लास्टर फुगतं. माळ्यावरची जुनी वायर त्याहून घातक. टेक्सासातल्याच हिल्सबरो गावचं १८९०चं कोर्ट १ जानेवारी १९९३ला जळालं, घड्याळाचा मनोरा कोसळला. ते पुन्हा उभारून खुलं व्हायला १९९९ उजाडलं.

म्हणून कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यांच्या नावांखाली आणखी दोन ओळी छापाव्यात: पन्हळी वर्षातून दोनदा कोण साफ करणार, आणि त्यासाठी काउंटीच्या बजेटात किती रक्कम धरली आहे.