स्ट्रायपर चर्चच्या जिवावर मोठा झाला, हे खरं नाही

मेटल, म्हणजे जोरकस गिटारींचं रॉक संगीत, ऐकणाऱ्यांच्या गप्पांत आणि फॉरवर्डांत एक विधान पुन्हा पुन्हा येतं. ‘स्ट्रायपर हा अमेरिकन ख्रिस्ती मेटल बँड चर्चच्या जिवावर मोठा झाला. त्यांचा १९८६चा “टू हेल विथ द डेव्हिल” हा अल्बम भाविकांनी गठ्ठ्यानं घेतला म्हणून प्लॅटिनम झाला. चर्चबाहेर जो काही चालला, तो येशूचं नाव लपवल्यामुळे. आणि मुळात मेटल हे सैतानाचं संगीत, त्यात देव आणणं हा निव्वळ धंदा.’ हे वाचलं की मला राहवत नाही, कारण यातला प्रत्येक तुकडा तपासता येतो आणि तपासल्यावर टिकत नाही. भाविकांच्या खरेदीचा आणि नाव लपवल्याचा हे दोन तर एकमेकांनाच छेद देतात. येशूचं नाव लपवलेला अल्बम भाविकांनी गठ्ठ्यानं का घ्यावा?

चर्चपासून सुरुवात करू. हा अल्बम एनिग्मा रेकॉर्ड्सनं काढला. ही काही धार्मिक कंपनी नव्हे. त्याच वर्षी पॉयझन या रॉक बँडचा पहिला अल्बमही तिनेच बाजारात आणला, आणि पॉयझनची गाणी दारू, पोरी आणि मजा यांवरची असत. स्ट्रायपरचे ‘कॉलिंग ऑन यू’ आणि ‘फ्री’ या गाण्यांचे व्हिडिओ एमटीव्ही या संगीतवाहिनीवर प्रेक्षकांच्या फोनवरून क्रम ठरणाऱ्या कार्यक्रमात गाजले. ‘ऑनेस्टली’ हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० या गाण्यांच्या यादीत २३व्या क्रमांकापर्यंत चढलं, अल्बम त्याच मासिकाच्या अल्बमांच्या मुख्य यादीत ३२वा आला. अमेरिकेत प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती, आणि ख्रिस्ती मेटलमध्ये तिथवर पोचलेला हा पहिला अल्बम. चर्चला जाणाऱ्या पोरांनीही तो घेतला, हे खरंच. पण पॉप रेडिओवाले रविवारच्या उपासनेचा हिशेब ठेवून गाणी लावत नसत.

आणि चर्च या बँडच्या पाठीशी होतं तरी किती? तेव्हाचे सर्वांत प्रभावी टीव्ही प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी ख्रिस्ती रॉकविरुद्ध मोहीमच उघडली होती. स्ट्रायपर मैफलीत बायबलच्या नव्या कराराच्या प्रती गर्दीत फेकत असे. स्वॅगर्टनी त्याला डुकरांपुढे मोती टाकणं म्हटलं. यातली वेदना अशी की बँडमधल्या मायकल आणि रॉबर्ट या स्वीट भावांचं कुटुंब सत्तरच्या दशकात स्वॅगर्टांचाच कार्यक्रम पाहून श्रद्धेकडे वळलं होतं. ज्याच्यामुळे वाट सापडली, त्यानंच सगळ्यांसमोर झिडकारलं. अल्बमच्या मूळ कव्हरवर देवदूत सैतानाला आगीच्या खाईत लोटताना दाखवले होते. त्यावरून इतका वाद झाला की पुढे साधं काळं कव्हर छापावं लागलं. त्या फेकलेल्या प्रतींचाही जरा विचार करा. समोर सगळे चर्चचेच लोक बसले असते, तर त्यांच्या अंगावर बायबल फेकायची गरजच काय होती? ती पुस्तकं ज्याच्या घरात बायबल नव्हतं त्या पोरासाठी होती, आणि असली पोरं तिकीट काढून आलेली होती.

आता नाव लपवल्याचा आरोप. अल्बमचं नावच सैतानाला खड्ड्यात घालणारं आहे. बँडच्या बोधचिन्हाखाली बायबलमधला यशया ५३:५ असा संदर्भ छापलेला असे. त्याच्या फटक्यांच्या वळांनी आम्ही बरे झालो, असं ते वचन, आणि अंगावरचे पिवळे-काळे पट्टे त्याच वळांची खूण. अल्बममधलं शेवटचं गाणं ‘मोअर दॅन अ मॅन’ लावून पाहा. पहिल्याच ओळीत गायक देवाला सांगतो की तू माझ्यासाठी मेलास म्हणून मी तुझ्यामागे येणार, आणि पुढच्या काही ओळींत येशूचं नाव घेऊन ऐकणाऱ्याला विश्वास ठेवायला सांगतो. यात लपवलंय काय?

‘ऑनेस्टली’त देवाचं नाव नाही, हे मात्र मान्य करायला हवं. मैत्रीतल्या साथीचं वचन देणारं ते संथ गाणं कोणीही कोणासाठीही म्हणू शकतं, आणि सर्वांत वर तेच गेलं. पण एका गाण्यावरून अकरा ट्रॅकच्या अल्बमला लपवाछपवीचं लेबल लावता येत नाही. शिवाय ही लपवाछपवी खरोखर फायद्याची असती तर काय झालं असतं, हे बँडनं नकळत करून दाखवलं. १९९०च्या ‘अगेन्स्ट द लॉ’ या अल्बममध्ये त्यांनी पिवळे-काळे पट्टे उतरवले आणि गाण्यांतून उघड धर्मवचनं जवळजवळ काढून टाकली. वादन कडक होतं, मला तर तो अल्बम मनापासून आवडतो. तरीही ‘टू हेल’च्या खपाच्या जवळपासही तो गेला नाही. काळ बदलत होता, कंपनी डबघाईला आली होती, ही कारणं आहेतच. पण येशू झाकला की माल खपतो हा सिद्धान्त त्यातून काही निघत नाही. गायक मायकल स्वीट १९९२मध्ये बँडमधून बाहेर पडला.

‘निव्वळ धंदा’ याला फार वेळ देत नाही. हीच पोरं आधी रॉक्स रेजीम नावानं लॉस एंजेलिसच्या क्लबांत वाजवत होती. सगळ्या शहरात दारू, पोरी आणि मजा यांवरची गाणी विकली जात असताना १९८३च्या सुमारास त्यांनी बायबल हातात घेतलं. ख्रिस्ती मेटलची म्हणावी अशी बाजारपेठ तेव्हा नव्हतीच, ती पुढे यांनीच उभी केली. पैसाच हवा असता तर पॉयझनची वाट समोर मोकळी होती.

राहिलं सैतानाचं संगीत. मेटल ज्यांच्यापासून मोजतात त्या ब्लॅक सॅबथनं १९७१मध्येच ‘आफ्टर फॉरएव्हर’ केलं होतं. देवाची टिंगल करणाऱ्यांना मरणाच्या वेळी काय करशील असं विचारणारं ते गाणं, आणि स्ट्रायपरनं २०१५मध्ये ते स्वतः वाजवलं. म्हणजे देव या घरात पहिल्या पिढीपासून आहे. मराठी माणसाला तर यात नवल वाटायचं कारणच नाही. फादर स्टीफन्सनी १६१६मध्ये गोव्यात ख्रिस्ताची कथा ओव्यांमध्ये आणली, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी त्याच्यासाठी अभंग रचले, आणि मराठी चर्चमध्ये टिळकांची भजनं आजही म्हटली जातात. ओवी-अभंग ख्रिस्ताला चालतात, तर दोन गिटारी का चालू नयेत?

आणि त्या गिटारी नीट ऐका. मायकल स्वीट आणि दुसरा गिटारवादक ऑझ फॉक्स दोघं मिळून एकच धून वरच्या आणि खालच्या सुरात बांधतात, आयर्न मेडन या मेटल बँडच्या चाहत्याला ती रीत लगेच ओळखू येते. ड्रमवादक रॉबर्ट स्वीट ड्रमसेट प्रेक्षकांकडे तोंड करून न मांडता आडवा मांडायचा, म्हणजे त्याचे हातपाय लोकांना दिसावेत. शीर्षकगीतात मायकलचा आवाज ज्या उंचीवर जाऊन थांबतो, ती त्या पिढीत फार थोड्या गायकांना जमली. हा बँड ग्लॅम, म्हणजे भडक वेशाचा पॉपकडे झुकलेला रॉक आहे, खरा मेटल नव्हे, असं कोणाला म्हणायचं असेल तर जरूर म्हणावं. मग रॅट आणि पॉयझन या बँडांनाही त्याच रांगेत उभं करावं, आणि त्यात येशूला मधे आणू नये.