चिमी परत आली आणि बापूची झोप उडाली

अक्काची चिमी एकटीच आसामला गेली आणि लॉज सोडून अनोळखी लोकांच्या घरी राहिली, हे बेळगावच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या आमच्या कट्ट्यावर कुणाला नव्यानं सांगायला नको. १९ दिवस आम्ही दुसरा विषयच काढला नव्हता. शुक्रवारी सकाळी ती घरी पोचली. रात्री नऊला अक्का खानावळीचं शटर अर्धं ओढून, पदराला हात पुसत कट्ट्यावर येऊन टेकली, तेव्हा बापू तयारच बसला होता.

"आली नव्हं सुखरूप? खरं पुन्हा पाठवू नकोस हं अक्का."

"मी कुठं पाठवली? ती गेली," अक्का म्हणाली.

(आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याकडच्यांनी तेवढं लक्षात ठेवून वाचावं.)

बापूनं उभं आयुष्य विमा विकला. समोरच्या माणसाला त्याच्या मरणाची भीती घालून घालून ती भीती त्याच्याच अंगात मुरली. घराला तीन कुलपं. काशीला गेला तो २२ जणांच्या यात्रेतून, आणि आठ दिवस बेळगावचं भडंग खाऊन परत आला. काशीत काय बघितलंस विचारलं की धर्मशाळेच्या कडीचं वर्णन करतो. अशा माणसाला सांगा, की २६ वर्षांची पोरगी एकटी आसामला गेली आणि अनोळखी लोकांच्या घरी झोपली.

"लॉज नव्हता काय तिकडं? पैसे कमी पडूलाले तर मला मागायचे."

"तुला?" मास्तर इतका वेळ गप्प होते. "८७ साली बदामीला जाताना माझ्याकडनं घेतलेले चाळीस रुपये आधी दे."

"ते पेट्रोलचे होते!"

"आपण बसनं गेलतो बापू."

हे भांडण निघालं की अर्धा तास जातो, म्हणून वकिलांनी हात वर केला. पण अक्का आधीच बोलायला लागली होती. "पैशाचं न्हवंच ते. लॉजवाल्याला तू आलास काय आणि गेलास काय, किल्ली परत मिळाली की झालं. चिमी जोरहाटला एका शाळेतल्या बाईंकडं उतरली होती. त्यांनी हिला निमाती घाटावर माजुलीच्या फेरीत बसवलं आणि ही पलीकडं पोचल्याचा फोन येईपर्यंत त्या घाटावरच थांबल्या. ब्रह्मपुत्रा बापू, आपला नाला न्हवं. तुझा लॉजवाला थांबला असता?"

"एक बाई चांगली निघाली. दुसरी तशी निघाली नसती तर?"

बापूवर आम्ही कितीही हसलो तरी हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि चिमीनं तो तसा नेला नव्हता. ती निघण्याआधीच मी तिला खोदून खोदून विचारलं होतं. कौचसर्फिंग म्हणजे प्रवाशाला आपल्या घरी फुकट उतरवून घेणाऱ्यांची वेबसाइट. तिथं ज्याच्याकडं उतरायचं त्याच्याबद्दल आधीच्या पाहुण्यांनी काय लिहिलंय (त्याला रेफरन्स म्हणतात) ते ती सगळं वाचते, वाईट लिहिलेलं आधी. शक्यतो कुटुंबात किंवा बाईमाणसाकडंच उतरते. पहिली भेट घरी नाही, तर चारचौघांत, स्टँडवर किंवा चहाच्या दुकानात. पत्ता आणि फोन नंबर अक्काकडं. आणि पाकिटात नाही, ड्रेसच्या आतल्या शिवलेल्या खिशात, एका रात्रीच्या लॉजचे पैसे. "तिथं मन लागलं नाही तर रात्री अकरालासुद्धा उठून जाता आलं पाहिजे काका," असं ती मला म्हणाली होती. तो खिसा अक्कानं हातानं शिवलाय. आतून पांढरा दोरा, तोंडाशी टिचबटण. १९ दिवस ते बटण उघडायची वेळ आली नाही. म्हणून धोका नव्हताच असं मी म्हणणार नाही. धोका होता आणि तिची तयारीही होती, एवढंच माझं म्हणणं.

वकिलांना दुसरीच काळजी. पाहुणा परदेशी असला तर घरमालकानं २४ तासांत सरकारी फॉर्म भरून कळवायला लागतं. तेव्हा हे घरात कुणालाही घ्यायचं फॅड जपून करा.

"भरायचा की मग! लग्नात आहेराची यादी करतास नव्हं चार पानं?" अक्का म्हणाली. "आणि फॅड कसलं रे? मी तीस वर्षं काय करूलालोय? बिहारची, दिल्लीची, केरळची पोरं, इंजिनिअरिंगला आलेली. पहिल्या दिवशी भाकरी बघून तोंड वाकडं करतात. दुसऱ्या महिन्यात 'अक्का, आज झुणका न्हाई?' त्यांच्या आयांनी मला बघितलेलं सुद्धा न्हाई. कुणाच्या भरवशावर पाठवली?"

"ते पैसे देऊन जेवतात," बापू.

"तापात रात्री दोनला पेज केली ती कुठल्या बिलात लावली मी?"

बापू गप्प. रेल्वे गेली. ती गेली की दोन मिनिटं कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, आणि बापूला तेवढी सवड मिळाली.

"पूर्वीची गोष्ट वेगळी," तो म्हणाला. "पूर्वी माणसं चांगली होती."

इथं मास्तर सरसावून बसले. भूगोल शिकवत असले तरी त्यांचा जीव इतिहासात. "पूर्वी म्हणजे कधी? १८९२ चालेल? ऑक्टोबर महिना. कोल्हापूरहून एक तरुण संन्यासी बेळगावात आला. हातात लांब काठी आणि कोल्हापूर दरबारच्या कारभाऱ्यांची एक चिठ्ठी. रिसालदार गल्लीत भाटे वकिलांच्या दारात उभा राहिला. त्यांनी ठेवून घेतला. जेवण झाल्यावर त्यानं पान-सुपारी मागितली, मग तंबाखू. घरची माणसं बघतच राहिली, संन्यासी आणि तंबाखू! शाकाहारी की मांसाहारी विचारलं, तर पुढ्यात येईल ते खातो म्हणाला. तरी तीन दिवस राहिला तिथं."

"ते विवेकानंद होते की वो!" बापू उसळला.

"तेव्हा न्हवते," अक्का म्हणाली. "शिकागो पुढच्या वर्षी. त्या दिवशी दारात उभा होता तो एक अनोळखी बंगाली."

मी कट्ट्यावर पंधरा-सोळा वर्षं बसतो. इतकं नेमकं वाक्य इथं क्वचितच पडलं असेल.

मास्तरांचं संपलं नव्हतं. त्यानंतरचे नऊ दिवस स्वामीजी हरिपद मित्रांकडं होते. हे मित्र वनखात्यातले बंगाली अधिकारी. संन्यासी म्हणजे ठकच, असं त्यांचं आधीचं मत. हा माणूस काहीतरी मागायला आला असणार, मराठी ब्राह्मणाच्या घरी जमलं नसेल, अशी शंका त्यांना आली होती, आणि हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. राहायला या म्हटल्यावर स्वामीजींचं उत्तर काय, तर मी इथं सुखात आहे; बंगाली माणूस दिसताच उठून गेलो तर या घरच्यांना वाईट वाटेल.

"म्हंजे मित्र आपल्या बापूसारखेच," वकील म्हणाले.

"बापूसारखे कसे? त्यांनी दार उघडलं," अक्का.

तोवर चिमी आली. १९ दिवसांत उन्हानं रापलेली, पायात अजून त्याच चपला. तिनं विवेकानंदांची गोष्ट अर्धीच ऐकली आणि म्हणाली, "ती कोल्हापूरची चिठ्ठी म्हणजे आमचा रेफरन्सच की!" मग तिनं सांगितलं. कौचसर्फिंग सुरू केलेल्या अमेरिकन माणसाला आइसलंडचं स्वस्त तिकीट मिळालं होतं, उतरायची सोय नव्हती. त्यानं तिथल्या विद्यापीठातल्या १५०० विद्यार्थ्यांना ईमेल पाठवून दिली, आणि बऱ्याच जणांनी ये म्हणून कळवलं. पुढं २००४ मध्ये त्यातून कौचसर्फिंग उभं राहिलं. २०२० पासून तिथं पैसे भरावे लागतात, म्हणून काहीजण बीवेलकम नावाच्या तसल्याच वेबसाइटकडं वळले; ते स्वयंसेवक चालवतात. आणि त्याच्याही कितीतरी आधी, महायुद्धानंतर, १९४९ मध्ये डेन्मार्कमधून सर्वास नावाची अशीच संस्था सुरू झाली होती. माणसं एकमेकांच्या घरी राहिली तर लढाया कमी होतील, ही त्यामागची कल्पना.

"मग भावाभावात कोर्ट-कचेऱ्या कशा होतात?" वकिलांनी विचारलं, आणि स्वतःच हसले, कारण त्यांचं घर त्यावरच चालतं.

मग चिमीनं खरी बातमी सांगितली. जोरहाटच्या त्या बाईंची मुलगी कामासाठी गोव्याला येतेय, ती पुढच्या शनिवारी दोन दिवस बेळगावला अक्काकडं उतरणार. "रविवारी तिला गाव दाखवायचंय. काय दाखवू?"

कट्टा एकदम शांत झाला. मग वकील म्हणाले, "कुंदा."

"कुंदा दाखवतात काय? खातात," मास्तर.

"मग मांडे."

"कमल बस्ती," मी म्हटलं. "किल्ल्यातलं जैन देऊळ. तुमच्यापैकी कोण कोण आत गेलंय?"

मास्तर सोडून कुणी नाही. बापूचा जन्म टिळकवाडीतला, वय ५८, आणि किल्ला त्यानं तलावाच्या बाजूनं बघितलेला. दोष एकट्या बापूचा नाही. मीसुद्धा पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा आत गेलो, तेही केरळहून सायकलवर आलेला एक मुलगा दोन रात्री माझ्या घरी होता आणि त्याला ती बघायची होती म्हणून. १२०४ मध्ये रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याच्या मंत्र्यानं, बिचिराजानं, ती बांधली. बाहेरून काळा दगड, ठेंगणी बांधणी, सहज पुढं निघून जाल. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं. मग वर बघायचं. घुमटाच्या मधोमध दगडाचं कमळ उलटं लोंबतंय, पाकळीखाली पाकळी, ७२ पाकळ्या म्हणतात, मागच्या, आताच्या आणि येणाऱ्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या. तो मुलगा मान वर करून दहा मिनिटं उभा होता. मी त्याच्याकडं बघत होतो आणि मनात येत होतं, की माझ्या गावात हे आठशे वर्षं लटकतंय आणि मी खडे बाजारातून वर्षानुवर्षं नुसता दळण-किराणा करत फिरलो. बिचिराजाच्या काळातले बेळगावचे दोन शिलालेख आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिकडचे लोक ते बघतात. आपण इथलं कमळ बघायला जात नाही.

"पंपा सरोवर पण दाखव," मास्तर म्हणाले. "काँग्रेस रोडची विहीर. १९२४ च्या अधिवेशनाची. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं."

"तीच काय ती विहीर? मी रोज सकाळी तिथनंच फिरायला जातोय," बापू म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

मी शहापूर-वडगावचं नाव काढलं. माग अजून चालतात तिथं. एका गल्लीत उभं राहिलं की दोन्ही बाजूंनी खटाखट ऐकू येतं. आणि शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. बेळगाव इंग्रजांचं, शहापूर पटवर्धनांचं.

"म्हंजे माझा आजा रोज परराज्यात माग चालवायला जायचा," अक्का म्हणाली. "बेळगावात राहायचा, विणायला शहापुरात. आम्हाला हद्दीचं काय सांगतास!"

झालं. हद्द हा शब्द आला आणि मास्तर-वकील दोघांनीही खुर्च्या पुढं ओढल्या. एकानं ५६ साल काढलं, दुसऱ्यानं महाजन अहवाल. हे सुरू झालं की रात्रीचे बारा होतात. अक्कानं चिमीला चहा सांगायला पाठवलं आणि दोघांच्या मध्ये येऊन बसली.

"पाव्हणीला हे दाखवू नका," ती म्हणाली. "तिच्याकडं पण हद्दी हायत. घरून बघून आली असेल."

चहा आला. बापू बराच वेळ बशीकडं बघत होता. मग हळूच चिमीला म्हणाला, "आसामची माणसं मासे खातात नव्हं?"

"रोज, काका."

"मग कॅम्पातल्या बाजारात सकाळी लवकर जायला लागतंय. नवाला गेलीस तर राहिलेलं गळ्यात मारतात. कल्ले बघून घ्यायचे, डोळा बघायचा... तुमच्यातलं कोण ओळखूलालाय मासा? मी जातो."

"आणि शिजवायचं कुठं?" अक्का.

"आमच्या घरी. जेवायला फक्त! राहायचं तुझ्याकडं."

"वेळेत कळव तिला चिमी," वकील म्हणाले. "एकला जेवायचं असलं तर बारालाच दारात उभी राहा. तीन कुलपं निघायला तास लागतोय."

अक्का हसायला लागली आणि तिला हसताना ठसका लागला, चहा पदरावर सांडला, चिमी पाठीवर थापट्या मारतेय आणि तीही हसतेय. बापू चिडला, मग तोही हसला. मास्तर मात्र गंभीर तोंडानं बोटं मोजत होते.

"काय मास्तर?"

"चाळीस रुपयांचं व्याज काढूलालोय. सुरमई येते का बघतो."